वरची ओळ कोणाची?

१. नाशिक रोडचे शाहीर सीतारामतात्या थंडीत गेले.
२. त्यांचे झीलकरी, म्हणजे मागून ओळ उचलून धरणारे साथीदार, निफाडचे नामदेवबाबा त्याच महिन्यात गेले.
३. तात्यांच्या शोकसभेत लासलगावच्या जुन्या जलशाची टेप लावली.
४. वरच्या पट्टीतली ओळ आली तेव्हा नामदेवबाबांच्या पत्नी पारूआत्या उभ्या राहिल्या. "हा आवाज आमच्या माणसाचा हाय," म्हणाल्या.
५. त्या टेपवरून कॅसेट काढायचे काम माझ्याकडे आहे.

तात्या माझे मामा. मी पुण्यात रेडिओ दुरुस्ती आणि ध्वनिमुद्रणाची पदविका घेतली आहे, म्हणून काम माझ्याकडे आले. कॅसेटवर कोणाचे नाव घालायचे ते ठरेना, तेव्हा सुट्टी टाकून टेपरेकॉर्डरसह निघाले.

पुण्याहून जाणाऱ्यांनी पहाटेची एसटी घ्यावी. संगमनेरला चहा बरा मिळतो. खिडकीची धूळ मात्र यंत्राला सोसत नाही. मी ते साडीत गुंडाळून मांडीवर घेतले होते.

नाशिक रोडला मामांची मुलगी रंजनाताई कॉलनीत राहते. तिने टेप लावायला सांगितली.

"थांब, आता माझे बाबा श्वास घेतील," ती म्हणाली. श्वास तिथेच आला. "झालं? तू शिकलेली ना? मग त्या मशीनलाच विचार."

"माइक एकच होता ताई. कोण कुठे उभं होतं, ते टेपवर उमटत नाही."

"मग शिकलीस काय?"

दुसऱ्या दिवशी मनमाडकडची पॅसेंजर पकडली. निफाडपर्यंत द्राक्षबागांवरून नजर हलत नाही. डबे रिकामे असतात, बसायला जागा मिळते.

पारूआत्यांनी आधी बाजरीची भाकरी आणि झणझणीत शेवभाजी वाढली. मग सांगितले, "तुझा मामा पयली ओळ म्हनायचा. वर चढायची येळ आली का बाजूला व्हायचा अन् आमचे हे माइकपुढं. रीतच व्हती तशी. टाळ्या मामाला."

"नामदेवबाबांना वाईट नाही वाटायचं?"

"त्यांना? ते हसायचे. मीच टोमणा मारायची, काय हो, आज बी शाहिराला खोकला झाला वाटतं!" त्या हसल्या, मग त्यांनी माझे ताट उचलले. "यांचा एक फोटो नाय बाई घरात. नातीला सांगितलंय, कॅसेटमधी आजोबा हाय. मला खोटी पाडू नको."

मी टेप लावली. आत्यांनी बोट वर केले. "आता श्वास घेतील बघ."

श्वास आला. तोच, त्याच जागी. दोघींनीही तो ओळखला होता. मी यंत्र बंद केले. विचारायचे काही उरले नव्हते.

तिथून लासलगाव जवळ आहे. बाजार समितीत कांद्याचे लिलाव चालू होते, ट्रॅक्टरच्या रांगेतून वाट काढावी लागते. नाकाला रुमाल ठेवा. हा जलसा याच आवारात झाला होता. चहावाल्या काकांना तो आठवत होता.

"वर कोण गात होतं?" मी विचारले.

"आम्ही पार मागं, ट्रॅक्टरवर उभे. गॅसबत्तीत तोंडं दिसतात व्हय? जलसा गात होता, पोरी! दोघं मंग हितंच एका ताटात जेवले. भांडण तुमचं हाय, त्यांचं नव्हतं."

मी त्यांना हेडफोन दिला. ते डोळे मिटून ऐकत राहिले. चहा उतू गेला. "तात्या," म्हणाले. थोड्या वेळाने म्हणाले, "नाय, नामदेव असंल."

घरी परतून चार दिवस झाले. वरच्या ओळीखाली दुसरा एक आवाज दबका हुंकार देतो, एवढे मला नक्की ऐकू येते. एक माणूस माइकजवळ आहे, एक लांब. कोण जवळ, ते कळत नाही. शाळेत मी हीच ओळ ऐकवून मैत्रिणींना सांगायचे, हा माझा मामा. आता ती लागली की मला आधी आत्यांचे वर केलेले बोट दिसते.

कॅसेटवरची पट्टी कोरी आहे. दोन्ही नावे घाला, असे कृपया सुचवू नका. दोघींनीही ते नाकारले आहे.

वैशाख पौर्णिमेला कॅसेट वाटायची आहे. लासलगावच्या त्या जलशात जे पुढच्या रांगेत बसले होते आणि ज्यांनी वरच्या ओळीच्या वेळी माइकपुढचा माणूस डोळ्यांनी पाहिला, त्यांनी या मासिकाच्या पत्त्यावर, पौर्णिमेच्या आधीच्या शनिवारपर्यंत मला कळवावे.