माह्या धानाले कीड नाई

हसाचं असन तं आताच हसून घ्या, मधात हसलेलं मले चालत नाई. गोष्ट माह्या फजितीची हाय, पण त्यातही शहाणपण माहंच जास्त होतं, हे शेवटी तुमच्या ध्यानात येईन. नाई आलं तं तुमचं नशीब.

मले नागीण झाली. जंगलातली नाई, अंगावरची. कमरेच्या डाव्या बाजूनं फोडांची ओळ उठली, आन आग अशी का सदरा टेकला तरी जीव जाये. शेजारचा बळीराम पाहाले आला.

"भाऊ, हिचं तोंड आन शेपूट एकमेकाले भेटलं का खेळ खलास. मंतरवाला आणू का?"

"मंतरवाल्याले नागीण झाली तं तो कोणाकडं जाते?"

बळीरामनं डोकं खाजवलं. "तो दवाखान्यात जाते जी."

"मंग मीही तिथीच जातो."

चौथी शिकलेला माणूस मी, पण गावात माह्याइतका विज्ञानवाला दुसरा दाखवा. फोड उठल्याच्या दुसऱ्याच दिवशी यष्टीत बसलो. नागिणीच्या दवाईले उशीर चालत नाई. लोक पाला चोळत घरी बसतात, मंग दवाई तरी बिचारी काय करन?

बायको तवा लेकीकडं राजुऱ्याले गेली होती, म्हणून एकटाच गेलो. तालुक्याचा डॉक्टर नवाच, पुण्याकडचा. एक तं बोलणं झपझप, वरून तोंडावर मास्क. कान माहे चांगले हायत, आधीच सांगून ठेवतो.

"काय करता काका?"

"धान लावतो."

"बरं. किडनी ठीक आहे ना?"

मले ऐकू आलं, 'कीड नाई, ठीक आहे ना?' लय बरं वाटलं. शेतकऱ्याले पिकाचं इचारणारा डॉक्टर मी जिंदगीत पहिल्यांदा पाह्यला. छाती फुगवून सांगतलं, "कीड नाई जी, एकदम ठीक. औंदा साऱ्या गावाच्या धानावर तुडतुडा पडला, माह्या बांधीत एक दिसन तं दाखवा."

त्यानं 'नाई' आन 'ठीक' एवढंच ऐकलं असन. मान हलवली आन गोळ्या लिहून देल्या. दिवसातून पाच बारी घ्याच्या. पाणी भरपूर प्याचं. फोड सुकले तरी मधात सोडाच्या नाईत. एखादी राह्यली तं पुढच्या बारीले दोन खायच्या नाईत. हे सारं मी बरोबर ऐकलं. म्हणूनच म्हणतो, कान चांगले हायत.

पाच बारी तं मी चहाही पीत नाई, पण गोळी चुकवली नाई.

बायको परत आली. गोळ्यांचं पाकीट उलटंपालटं करून पाह्यलं. वाचता तिले येत नाई, पण पाहाची ऐट कंपाउंडरची.

"गुर्द्याचं सांगतलं का त्याले?"

"त्यानं इचारलंच नाई."

"मंग तुम्ही काऊन नाई सांगतलं?"

"न इचारता बोलाले मी काय रेडिओ हाय?"

"एरव्ही तं बंद होत नाई."

आता गुर्द्याचं असं हाय, माहा गुर्दा अर्धाच काम करते. मागं मुतखडा झाला तवा चंद्रपूरच्या डॉक्टरनं बजावलं होतं, कोणतीही नवी दवाई घ्याच्या आधी हे सांगत जा. माहा मोठा भाऊ गुर्द्यानंच गेला. नागपूरले मशीनवर त्याचं रक्त धुवाले मीच नेत होतो. बायकोनं पाकीट हातातून खाली ठेवलं तवा मले समजलं, तिच्या डोळ्यापुढं तेच आलं. माह्याही आलं. पण भेव वाटलं का मले राग येते, असा माहा स्वभाव.

"चाल," म्हटलं, "त्या डॉक्टरची खबर घेतो."

रांग तोडून आत शिरलो. दरवाजा उघडा, बाहेर अर्धा तालुका बसलेला.

"डॉक्टर, म्हाताऱ्या माणसाले दवाई देता आन गुर्द्याचं इचारत नाई? शिकले कुठी तुम्ही?"

त्यानं मास्क खाली केला. "काका, मी विचारलं होतं. किडनी ठीक आहे ना, असंच विचारलं."

"ते तं तुम्ही धानाचं इचारलं."

"मी धानाचं कशाला विचारीन?"

"मंग कीड कोणाची इचारली?"

बायकोनं पदर तोंडाले लावला. "अहो, किडनी म्हणजेच गुर्दा." लेकीकडं टीव्ही पाहून पाहून शिकली, दुसरं काय. चंद्रपूर, नागपूरचे डॉक्टर तं माह्याशी गुर्दाच म्हणत.

बाहेरची रांग अशी हसली का आतला पंखा हालला. डॉक्टर मात्र हसला नाई. गोळी थांबवली, तिथीच रक्त घेतलं आन समजावून सांगतलं. ही दवाई लघवीवाटे बाहेर पडते, गुर्दा कमजोर असला का अंगातच साचते, म्हणून अशा माणसाले कमी द्या लागते. मंग म्हणे, "चूक माझीही झाली काका."

"ते तं हायच," मी म्हटलं.

रिपोर्ट येईपर्यंत मी कोणावर ओरडलो नाई. बायको म्हणे, तिले त्याचंच जास्त भेव वाटलं. रिपोर्ट आला. गुर्दा अर्धा होता, अर्धाच राह्यला. अर्ध्या गुर्द्याचा एवढा आनंद कोणाले झाला नसन. डॉक्टरनं गोळ्या कमी करून देल्या, त्या मी शेवटच्या गोळीपर्यंत खाल्ल्या, आन नागीण अर्ध्या रस्त्यातच सुकून गेली.

महिन्याभरानं दाखवाले गेलो. बाकड्यावर बसून राह्यलो होतो, तं आतून डॉक्टरचा आवाज आला. एका बुढीले इचारून राह्यला होता, "आजी, किडनी म्हणजे गुर्दा. पोटातला विचारतोय हं, शेतातला नाही."

बाजूले दुसऱ्या गावचा एक अनोळखी माणूस बसला होता. त्याले कोपरानं ढोसलं. "ऐकलं का? पुण्याच्या डॉक्टरले असं इचाराले मी शिकवलं."

तो सरकून जवळ आला, मले नीट पाह्यलं आन हात जोडले.

"म्हणजे तो कीडवाला बुढा तुम्हीच का जी? आमच्या गावात लय नाव हाय तुमचं."