सक्करदऱ्याची दोन तिकिटं

मारोतराव बोरकुट्यांच्या आवाजाबद्दल सक्करदऱ्यात दुमत नव्हतं. नागपूरच्या शहर बसवर तीस वर्षं कंडक्टरकी केलेला माणूस. बर्डीच्या थांब्यावर ओरडला की लोखंडी पुलापर्यंत ऐकू जायचं, असं त्यांची बायको शामलाबाई सांगायची, आणि त्यात भेसळ असलीच तर थोडीशीच. स्वभाव मात्र तापट. कुणी पायरीवर चढून, पिशवी सावरत, "ते आपलं... काय म्हणते त्याले..." करत राहिलं की यांचं डोकं सटकलंच. "लवकर बोल गा, तोंडात संत्र्याची फाक धरली काय?" अख्खी बस हसायची. रोज रात्री जेवताना शामलाबाईला दिवसभराचे असे किस्से ऐकावे लागत. ती वरवर कंटाळायची, पण नवऱ्याच्या त्या तोऱ्याचं तिला भारी कौतुक होतं.

रिटायर होऊन दोन वर्षं होत नाहीत तोच एका सकाळी चहाचा कप त्यांच्या उजव्या हातातून निसटला. काय झालं म्हणून तिनं विचारलं, तर तोंडातून नुसती घरघर. मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी अडकली होती. जीव वाचला, पाय सावरला, हातही हळूहळू कामाला लागला. वाचा तेवढी गेली. समोरच्याचं बोलणं बहुतेक समजायचं, पण स्वतःचा म्हणून एक शब्द निघेल तर शपथ.

बाराव्या दिवशी दवाखान्यात नर्सनं सहज नाव विचारलं, आणि मारोतराव सुरू झाले: "बर्डी, लोखंडी पूल, कॉटन मार्केट, बैद्यनाथ, अशोक चौक, रेशीमबाग, सक्करदरा!" एका दमात, जुन्या ठसक्यात. शामलाबाई रडली, हसली, आणि सुनेला पिटाळून संत्रा बर्फीचे डबे मागवले. वॉर्डभर वाटून झाली. डॉक्टरांनाही एक तुकडा दिला. मग तिनं लाडानं विचारलं, "पाणी पाह्यजे का?" तर उत्तर आलं, "बर्डी, लोखंडी पूल..." बर्फीचा शेवटचा डबा तिनं तसाच पिशवीत टाकला.

घोकून घोकून पाठ झालेली यादी टिकली होती. हवा तो शब्द हवा तेव्हा काढणं, ते गेलं होतं. वाणी उपचार करणाऱ्या नंदिनी मॅडमनी हे समजावून सांगितलं, तेव्हा शामलाबाईला बर्फीची लाज वाटली. पण मॅडम म्हणाल्या, "यादी आहे ना? मग आपण यादीपासूनच सुरू करू."

बर्डीजवळच्या त्या दवाखान्यात एक अभ्यास चालू होता. डोक्यावर दोन ओले स्पंज पट्ट्यानं बांधायचे, त्यातून वीस मिनिटं अगदी हलका करंट सोडायचा आणि तेवढ्यातच बोलण्याचा सराव सुरू करायचा. तीन आठवडे, शनिवार-रविवार सोडून पंधरा दिवस. शेजारच्या कांताबाईनं लगेच पिन मारली, "शॉक देऊन राहिले म्हणते तुह्या नवऱ्याले." शामलाबाई तणतणत डॉक्टरांकडे गेली. डॉक्टर हसले नाहीत. "हा शॉक नाही. थोडी खाज सुटेल, झिणझिण्या येतील. आणि नुसत्या करंटनं कोणी बोलत नाही, बाई. जमीन जरा भुसभुशीत होते असं समजा, पेरणी सरावानंच होते. काहींना फायदा होतो, काहींना नाही. आमचाही अभ्यास अजून सुरूच आहे." एवढं खरं सांगणारा डॉक्टर तिला पटला.

पेरणी म्हणजे काय साधी होती? कुलूप, पंखा, कढई, संत्रं. चित्र दाखवायचं, नाव काढायचं. मारोतराव घामाघूम व्हायचे. कधी चिडून कार्डं भिरकावून द्यायचे. शामलाबाई बाजूला बसून प्रत्येक वेळी शब्द पुरवायची. त्यांनी 'कु' म्हणायच्या आत हिचं 'कुलूप' तयार. शेवटी नंदिनी मॅडम तिच्याकडे वळल्या. "काकू, त्यांच्या तोंडातला घास तुम्ही खाता. गप्प राहायचं औषध तुम्हाला घ्यावं लागेल." शामलाबाईला ते झोंबलं, पण खरं होतं. दुकानात, रस्त्यात, पाहुण्यांत, कुणी त्यांना काही विचारलं की हीच सांगायची, "त्याईले बोलता येत नाही." ते ऐकताना मारोतराव मान खाली घालायचे, आणि हे तिनं पाहूनही न पाहिल्यासारखं केलं होतं.

मग मॅडमनी बसथांब्यांचे फोटो पिसून मांडले. तलावाचा फोटो आला की सक्करदरा म्हणायचं, पण बर्डीपासून धावत यायचं नाही. हे भलतंच अवघड. दवाखान्याला जाताना तिकीट काढणं सोपं होतं, बर्डी यादीत पहिलीच. घरी परतायचं तर सक्करदरा सातवा. सहा थांबे गिळून सातवा एकटा बाहेर काढायचा होता.

मारोतरावांनी खुणेनं एकच मागणं लावून धरलं होतं: एकट्यानं यायचं, एकट्यानं जायचं. शामलाबाई ऐकेना. "भलतीकडे उतराल, मंग कोणाले काय सांगाल?" पंधराव्या, करंटच्या शेवटच्या दिवशी मॅडमनी तोड काढली; सराव पुढंही चालणारच होता. आज परतीची तिकिटं तेच काढतील, काकू एक अक्षर बोलणार नाहीत. जमलं तर पुढच्या सरावाला एकटे यायचं. नाही जमलं तर काकूंचा हात धरून.

बर्डीवर बस भरली. चाळिशीतला कंडक्टर मशीन घेऊन पुढ्यात आला. "कुठी जाचं हाय, काका?"

मारोतरावांनी तोंड उघडलं. "ब..."

शामलाबाईला वाटलं, यादी सुरू झाली. आता बर्डी निघाली की बाकीचे थांबे तिच्यामागं धावत येणार आणि बस हसणार. पण मारोतरावांनी ओठ मिटून घेतले. डोळेही मिटले. मागून कुणीतरी कुरकुरलं. कंडक्टर म्हणाला, "लवकर सांगा ना काका, गर्दी हाय." शामलाबाईच्या जिभेवर शब्द नाचत होता. तिनं पदराचा बोळा करून खरोखरच तोंडात धरला.

"सक्कर..." त्यांनी श्वास घेतला. "सक्करदरा." दोन बोटं वर गेली, मग त्यांनीच ती खाली घेतली. "दोन."

तिकिटं हातात आली. शामलाबाईचे डोळे भरून आले, तरी ती बोलली नाही. शब्द पाळणारी बाई आहे ती.

पण गोष्ट एवढ्यावर थांबत नाही. मागं भिवापूरकडची एक म्हातारी पिशवी कवटाळून उभी होती, शहरात नवखी. "ते बावा... माह्या पोरीचं घर हाय ना... तिथं..." कंडक्टरचा पारा चढला. "अवो बाई, बोला ना लवकर. तोंडात काय धरलं हाय?" दोन-चार जण हसले.

मारोतराव सीटवरून उठले. उजव्या हातानं दांडा पकडला, तोही नीट.

"थांब गा."

कंडक्टर वळला.

"सांगते... ते," म्हातारीकडे बोट दाखवत मारोतराव म्हणाले. एकेक शब्द वजन उचलल्यासारखा येत होता, पण येत होता. "वेळ... लागते."

कंडक्टरनं मशीन खाली घेतलं आणि वाट पाहिली. म्हातारी जरा सावरली, आणि सक्करदऱ्याच्या पुढचा थांबा तिनं सांगितला, "दिघोरी."

मारोतरावांचे ते शब्द कुठल्याही यादीतले नव्हते. कुणी चित्र दाखवलं नव्हतं, कुणी पुरवले नव्हते. तीस वर्षं ज्यानं लोकांना घाई केली, त्याच माणसानं हे आपले आपण शोधून आणले होते. त्या भरल्या बसमध्ये शामलाबाईला नवऱ्याचा इतका अभिमान वाटला, की जुना सगळा तोरा तिला त्यापुढे पोरकट वाटला.

सक्करदऱ्याला दोघं उतरली. तिचं गप्प राहायचं औषध संपलं होतं.

"सोमवारी एकटेच जा," ती म्हणाली. "पण घरी आल्यावर मले सगळं सांगाचं. बसमधे कोण होतं, काय झालं, पहिलेसारखं सगळं."

मारोतराव थांबले. तीही थांबली, पदराला हात न लावता.

"सांगतो," ते म्हणाले.