बांधावर आणलेली मेंढी

ओल्या घोंगडीचा वास आला की मला कळंबजवळची ती सकाळ आठवते. चॅनेलमध्ये लागून दोनच महिने झाले होते. घरातला पहिला पदवीधर मी, त्यामुळे हातात माईक आला की मान आपोआप ताठ व्हायची. बिबट्याने एका धनगराची गाभण मेंढी मारून उसात ओढून नेली होती. उसात अंधार, कॅमेऱ्यात काहीच दिसेना. मी म्हणालो, "भाऊ, तेवढी बांधावर आणता का? उजेडात नीट दिसंल." त्याने दवाने ओली झालेली घोंगडी खांद्यावर टाकली, ती दोन्ही हातांनी उचलून आणली, तोंडावरची माती पुसली. शॉट झकास आला. तासाभराने वनरक्षक आला, पण कागदच बाहेर काढेना. "जनावर जागेवरनं हलवलंय. पंचनामा कशाचा करू? भरपाई विसरा आता." मी माईकची वायर गुंडाळत राहिलो. धनगराने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि वनरक्षकाला म्हणाला, "मीच हलवली साहेब. कुत्री तोडत व्हती." त्याची बायको काही बोलायला पुढं आली, तिला त्याने हातानेच थांबवलं. निघताना मला हळूच विचारलं, "पावणं, टीव्हीवर तरी दाखवताल न्हवं?" दाखवली. त्याच बातमीवरून मला पुण्याला बोलावणं आलं, पुढे मी निर्माता झालो. आता कॉलेजात भाषणाला बोलावतात, तेव्हा शिक्षणाने इथवर आलो असं मी अभिमानाने सांगतो, आणि ते खरंही आहे. पण मी सांगितलं म्हणून त्यांनी हलवली, एवढं एक वाक्य मला त्या दिवशी बोलता आलं नाही, आणि बोलणं हाच माझा धंदा.