धोंडुबाईची कढई

आमच्या मंगळवार पेठेत पोरगं जेवंना झालं की आया एकच गोष्ट सांगायच्या. काळी धोंडुबाई येती, किरकिऱ्या पोराला कढईतल्या तापल्या वाळूत टाकती आन् चिरमुऱ्यासारखं फुलवती. पोरगं गप घास गिळायचं.

आता ही धोंडुबाई काय रानातली हडळ न्हवं! माझ्या भिंतीला भिंत लावून चिरमुऱ्याची भट्टी हुती तिची. पलेगात नवरा गेला. दीर आकाराम म्हणाला, भट्टी माझ्या हवाली कर आन् कोपऱ्यात बस. तिनं झारा उगारला, अशी बोंब ठोकली की दीर भर रस्त्यातनं पळाला. तवापासनं ती गोष्टीत गेली. आन् आकाराम? दारू पिऊन बायकोला बडवायचा, त्याची गोष्ट कुणी केली न्हाय. तो म्हणं तापट मर्द! जळ्ळं तुमचं तोंड, असं विहिरीवर बायकांस्नी सांगून सांगून माझा घसा बसला.

धोंडुबाई म्हणायची, "असू दे गं जुलेखा. माझी नात यील, ती बसंल की मांडीवर." लेक तानाबाई हातकणंगल्याला दिलेली. नात चालाय लागली तरी सासरच्यांनी धाडली न्हवती.

खासबागेचं मैदान झालं त्या साली कुस्त्या बघायला जावई रेल्वेनं आला, संगट लेक आन् नात. धोंडुबाईनं काजळी जाईस्तोवर तोंड घासलं, धुतलेलं लुगडं नेसली, गूळ घालून चिरमुऱ्याचे लाडू वळले. पोर उंबऱ्यात आली, कढई बघितली आन् किंकाळी फोडून पळाली. जावयाला भेटायला आकाराम आलता, त्याच्या धोतराआड दडली. त्याच्या!

तानाबाई खाली बघत म्हणाली, "घासच घेत न्हवती गं आई. पेठेतली गोष्ट सांगितली. तुझं नाव काढलं की खाती."

"अगं, ह्याच भट्टीवर वाढलीस की तू!" माझं डोस्कंच फिरलं. धोंडुबाईनं माझा हात धरून मला गप केलं.

पोर दिवसभर उपाशी. लाडवाला हात लावंना. सांजच्याला धोंडुबाई मला घेऊन मागल्या दाराआड उभी राहिली, पोरीला दिसणार न्हाय अशी, आन् घोगऱ्या आवाजात वरडली, "खा गं! न्हायतर धोंडुबाई येतिया!"

म्या फटीतनं बघितलं. पोर लाडू मटामटा खात हुती.

"खाल्ला?"

"व्हय."

ती भिंतीला टेकून खाली बसली. "जुलेखा, आत जा की. गोड लागला का, तेवढं इचार तिला."