रुमालाखाली ठरलेलं शिक्षण

आमचे आप्पा निपाणीत तंबाखूचे दलाल. मी बेळगावच्या कॉलेजात अर्थशास्त्र घेऊन बी. ए. झालो, तोवर त्यांची हरकत नव्हती. पुढं पुण्याला जाऊन अर्थविचारांचा इतिहास शिकणार म्हटल्यावर मात्र त्यांचं टाळकं सरकलं. "बाजार शीक की. मेलेली माणसं बाजाराबद्दल काय म्हणालती, ते शिकून काय करणार रं?"

खरं तर तेव्हा त्याला धड विषय म्हणून कुणी मोजतच नव्हतं. पुस्तकाच्या सुरुवातीला चार पानं असायची, तीही परीक्षेला नसायची. आमचे प्रोफेसर नेमके त्याच पानांवर जीव टाकायचे. वस्तूची किंमत कशी ठरते, याबद्दल प्रत्येक पिढीचं मत का बदललं, हे ते असं रंगवून सांगायचे की तास संपला तरी मला बाकावरून उठवत नसे.

माझं रडगाणं ऐकून ते एका रविवारी थेट आमच्या पेढीवर आले. आप्पांनी चहा पाजला आणि सरळ आपल्या हातावर रुमाल टाकला. आमच्याकडं सौदा असाच व्हायचा, रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून; जितकी बोटं, तितका आकडा. मास्तरांची फजिती करायचा त्यांचा बेत मी ओळखला.

पण प्रोफेसर कडोलीच्या शेतकऱ्याच्या घरातले, असले सौदे बघतच वाढलेले. त्यांनी बाही सारून हात आत घातला. आप्पांच्या भुवया वर गेल्या. बराच वेळ रुमाल हलत राहिला. मग दोघं निवांत पान खायला बसले.

"काय ठरलं?" मी विचारलं.

"सौद्यातलं तिसऱ्याला सांगत न्हाईत," आप्पा म्हणाले.

प्रोफेसर मिश्किलपणे म्हणाले, "पुस्तकं म्हणतात, बाजारात भाव सगळ्यांना कळतो. तसं कुणी, कुठल्या बाजारात बसून लिहिलं, ते शोध." आणि गेले की निघून!

दिवस मावळायच्या आत आमची जेवणं व्हायची. त्या दिवशी मी ताटातली भाकरी नुसती कुस्करत बसलो. पुणं की पेढी, दोघांना ठाऊक आणि मलाच न्हाय! हात धुतल्यावर आप्पांनी मला जवळ बसवलं आणि माझ्या हातावर रुमाल टाकला. आजवर त्यांनी मला नुसतं फर्मावलं होतं, सौदा कधी केला नव्हता. त्यांनी माझी दोन बोटं घट्ट दाबली. दोन वर्षं, पुण्याची.

मला इतका आनंद झाला की हावरटासारखा मी त्यांची तीन दाबली.

आप्पांनी रुमाल उचलला. मग "लई शिकलास की," म्हणून खदखदून हसले. आई दारातून विचारत राहिली, काय ठरलं, काय ठरलं. आम्ही दोघांनीही तिला सांगितलं न्हाय.