तीन महिने बाभळींत

मी निवृत्त झाल्यावर मुलीने तिचा जुना गोल्फचा सेट माझ्या गळ्यात मारला आणि मी रोज सकाळी सदाशिव पेठेतून स्कूटरवर ड्रायव्हिंग रेंज गाठू लागलो. रेंज म्हणजे मोकळं मैदान. एका टोकाला ओळीने चटया, त्यांवर उभं राहून लांबच्या झेंड्यांकडे चेंडू मारत राहायचं.

मी शंभर चेंडूंची टोपली घ्यायचो आणि पाऊण तासात रिकामी करायचो. पहिला चेंडू उजवीकडच्या बाभळींत जायचा. शंभरावाही तिथेच. पकड बदलली, बूट बदलले. खांदा दुखायला लागला, पण चेंडू काही बाभळी सोडेना.

बायको म्हणाली, "अहो, मग बाभळींवरच नेम धरा की. कुठेतरी लागल्याचं समाधान तरी मिळेल."

तिथे शिकवायला साठीचे एक गृहस्थ होते. त्यांचं गाव शहरात आलं, शेती गेली, बोली तेवढी राहिली. पहिल्याच दिवशी ते काही सांगायला आले, तेव्हा मी म्हणालो होतो, "मी पुस्तकं वाचली आहेत. लागलं तर विचारीन." तेव्हापासून ते मागच्या बाकावर चहा पीत नुसते बघत बसायचे. त्या बघण्याचाही मला संताप यायचा.

तीन महिन्यांनी एका सकाळी मी हातातली गोल्फची काठी आपटली आणि वळून ओरडलो, "ही चटईच तिरकी आहे!"

ते उठले. "हलू नगा. हाय तसंच उभं ऱ्हावा." त्यांनी माझ्याच पिशवीतली एक काठी काढली आणि माझ्या दोन्ही बुटांच्या टोकांना टेकवून खाली ठेवली. "आता मागं या आन् बगा."

काठी थेट बाभळींकडे रोखलेली होती. चेंडू बिचारा इमानाने मी उभा होतो त्याच दिशेला जात होता.

"मग तीन महिने गप्प का बसलात?"

"तुमीच म्हनला, इचारीन. मी वाट बगत हुतो."

चूक त्यांची असती तर किती बरं झालं असतं!

त्यांनी टोपलीतले वीसच चेंडू काढून दिले. प्रत्येक चेंडूआधी मागे यायचं, झेंडा ठरवायचा, पाय त्याच्या रेषेत लावायचे, मगच मारायचं.

"कुठं मारनार?"

"पुढे."

"पुढं लई मोठं हाय. कुठं?"

बाराव्या चेंडूपर्यंत मी घरी निघून जायच्या बेतात होतो. चौदावा उठला आणि पिवळ्या झेंड्यापासून दहा पावलांवर पडला. मी वळून म्हणालो, "बघितलंत?"

"बगितलं. आता दुसरा झेंडा धरा."

उरलेले सहा भलतीकडेच गेले. दोन तर सरपटत. पण उजवीकडे एकही नाही. पंधरा दिवसांत खांदा दुखायचा थांबला. वीस चेंडूंना आता तासभर लागतो. ते अजूनही दर चेंडूआधी विचारतात, मला अजूनही राग येतो, आणि मी झेंडा दाखवतो.