गोळ्यांच्या बदल्यात साड्या

डॉक्टरीणबाईंनी मला फसवलं. दोन वर्षं फसवलं. हिंदमाताच्या कापडबाजारातले घाऊक व्यापारी माझी घासाघीस बघून कपाळाला हात लावतात, आणि मी फसले.

मी साड्या विकते. नवरा गेल्यावर दोन बोचक्यांवर धंदा उभा केला. भोईवाड्याच्या चाळीतून निघायचं, परळच्या टॉवरांत घरोघरी माल दाखवायचा. या डॉक्टरीणबाई तिथेच बाविसाव्या मजल्यावर राहतात. माझी शुगर निघाली तेव्हा म्हणाल्या, "तुझ्याकडून फी काय घ्यायची? साड्यांचं बघ जरा." सौदा मला पटला. त्यांना खरेदीच्या भावात साड्या, मला फुकट तपासणी.

मी सांगितलं, झोप लागत नाही. त्यांनी मान वर न करता झोपेची गोळी लिहिली. का लागत नाही, ते विचारलं नाही. मी रात्रीतून सहा-सहा वेळा लघवीला उठत होते. आपणहून सांगायची मला लाज. गोळीने जाग यायची बंद झाली, आणि सकाळी अंथरूण ओलं. सून उठायच्या आत मी चादर धुऊन टाकायची. मग मी अक्कल चालवली. पाणी तोडलं. दुपारपर्यंत घोट नाही. जळजळ सुरू झाली, तीही सोसली. कापडाचा धागा सोडवून बघणारी मी, या सौद्यात काय मिळतंय ते बघितलंच नाही.

मग ती दुपार. बाईंच्या हॉलमध्ये चार मैत्रिणी, सोफाभर माझ्या साड्या. दीड तास मी घड्या मोडत होते. शेवटी राहवेना. हळूच म्हटलं, "मॅडम, बाथरूमला जाऊन येऊ?"

"खाली वॉचमनकडे आहे ना."

घरात तीन बाथरूम. माझ्या आईच्या ओंजळीत गावात वरून पाणी ओतायचे. मला वरून खालचा संडास दाखवला. एवढीच काय ती प्रगती.

एक मैत्रीण म्हणाली, "अगं, एवढं खाली? तोवर दम निघेल का तिला?"

बाई हसल्या. "हिला सारखंच लागतं. शुगर आहे ना. रात्रभर उठत असणार. आमच्या बायका-पेशंटचं हेच रडगाणं."

"मग डायपर बांध की!" दुसरी म्हणाली. सगळ्या खिदळल्या.

मी थिजले. लाजेने नाही. बाईंना माहीत होतं. विनोदाला माहीत होतं, कागदावर लिहायला नाही.

माझी मोतिया पैठणी बाईंच्या खांद्यावर होती. मी ती ओढून घेतली.

"अगं, ही मी घेतेय!"

"भाव वाढला, मॅडम."

"किती?"

"तुम्हाला परवडणार नाही."

बोचकं बांधलं नि निघाले. लिफ्टमध्ये मात्र धरवलं नाही. पाय ओले, समोर आरसा. मी मान खाली घातली नाही. स्वतःकडे नीट बघून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पालिकेच्या दवाखान्यात गेले. तिथल्या पोरसवदा डॉक्टरणीचा पहिलाच प्रश्न, "ताई, रात्री किती वेळा उठता?" बस्स. एवढ्यासाठी दोन वर्षं! लघवी तपासली, जंतू निघाले. शुगर तर केव्हाच हाताबाहेर गेली होती. औषध बदललं. ती म्हणाली, पाणी तोडायचं नाही. दिवसा प्यायचं, संध्याकाळनंतर कमी. लागली की जायचं, धरून बसायचं नाही. किती प्यायले, किती वेळा गेले, ते तीन दिवस लिहून आणायला लावलं. झोपेची गोळी तिने हळूहळू सोडवली. आता दोनदा उठते. चादर कोरडी असते.

परवा बाईंचा फोन. "रुसलीस काय गं? ये ना, सण आलाय."

मी म्हटलं, "येते. त्याच चौघींना बोलवा. साड्या नाही, फाइल आणते. माहीत होतं तर विचारलं का नाही, ते त्यांच्यासमोर सांगा."

फोन कट.

करू देत. त्यांच्या दवाखान्याच्या बाकावर माझ्यासारख्या बायका मांडी आवळून बसलेल्या असतात. मी जाऊन त्यांच्यात बसणार आहे. प्रत्येकीला विचारणार आहे, रात्री किती वेळा उठता, आणि बाईंनी हे कधी विचारलं का? मग त्या सगळ्यांना घेऊन आत शिरणार. बाईंनी खुर्चीवरून उठायचं, मला 'अहो' म्हणायचं, आणि उत्तर द्यायचं. ते मिळेपर्यंत मी दारातून हलणार नाही.